शाळेचे अंतर कोणाच्या पायांनी मोजायचे?



या वेळचे संपादकीय एका कबुलीने सुरू करते आहे.

२०१८ सालच्या मार्च महिन्यातली गोष्ट. सह्याद्रीच्या एका डोंगराळ तालुक्यात मी बचत गटांचे काम करत होते. एम.एस.डब्ल्यू. होऊन फार वर्षे झाली नव्हती. त्या सुमारास कमी पटाच्या शाळांची माहिती गोळा करण्याचे काम निघाले होते आणि आमच्या संस्थेलाही त्यात हातभार लावायला सांगितले गेले. माझ्या वाट्याला काही वस्त्या आल्या. हातातल्या तक्त्यात रकाने होते : वस्तीचे नाव, शाळेचा पट, जवळची शाळा, अंतर, रस्ता आहे की नाही. एका वस्तीवर सहकाऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून गेले. शाळेचा पट होता नऊ. परतताना केंद्रशाळेशी उतरलो तेव्हा गाडीच्या काट्यावर अंतर पाहिले. वाटेतला ओढा कोरडा ठणठणीत होता, गाडी त्यातून सहज निघाली. मी रकान्यात लिहिले : ‘अंतर अडीच कि.मी. रस्ता उपलब्ध.’ आणि खाली सही केली.

लिहिले त्यात खोटे काही नव्हते. जूनमध्ये ती शाळा ‘समायोजित’ झाली. फक्त माझ्या सहीने झाली असे मी म्हणत नाही, निर्णय वरच्या पातळीवर होत होते. पण त्या कागदावर माझी सही होती, हे मला विसरता येत नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गटाच्या बैठकीसाठी वस्तीवर मुक्कामाला होते. सकाळी मुले शाळेला निघाली तेव्हा त्यांच्याबरोबर चालत गेले. एकूण नऊ मुले : सहा मुली, तीन मुलगे. शिवाय केंद्रशाळेत आधीपासून जाणाऱ्या सातवीतल्या दोन मोठ्या मुली. पहिलीतल्या सर्वांत लहान पोरीला त्या दोघी आळीपाळीने कडेवर घेत होत्या. भातखाचरांचे बांध निसरडे झाले होते. मार्चमध्ये कोरडा असलेला ओढा आता गुडघ्यापर्यंत वाहत होता. एका मुलाची आई रोज तिथवर येऊन मुलांना पार करून देत असे आणि मग लावणीला पळत असे. ज्या दिवशी ती येणार नाही त्या दिवशी शाळा नाही. पुढे डांबरी रस्त्याला लागल्यावर एक टपरी होती. तिथे सकाळपासून पत्ते खेळत बसलेली माणसे होती. टपरी दिसताच सातवीतल्या दोघींचे बोलणे एकदम थांबले. माना खाली गेल्या, पावले भरभर पडू लागली. लहानग्यांना त्या ‘चला, चला’ करत जवळजवळ ओढतच घेऊन गेल्या. आम्ही पोहोचलो तेव्हा प्रार्थना होऊन गेली होती. मला सव्वा तास लागला होता.

माझ्या तक्त्यात ओढ्याला रकाना नव्हता, टपरीला नव्हता, आणि लावणी सोडून पोरांना पाण्यातून पार करणाऱ्या त्या बाईलाही नव्हता.

दिवाळीनंतर पुन्हा गेले तेव्हा त्या सहा मुलींपैकी तीनच जात होत्या. चौथीतली एक मुलगी अंगणात धाकट्या भावाला खेळवत बसली होती. तिची आजी म्हणाली, “ताई, शाळा दारात व्हती तवा ही पोराला घिऊनच शाळंत बसायची. गुरुजी काय बोलत न्हवते. आता त्येला उचलून येवढं कुठं न्यायची? आन् पोरीची जात. सोडायला कोन, आनायला कोन?” मी केंद्रशाळेत चौकशी केली. मुलीचे नाव पटावर होते. म्हणजे कागदोपत्री ती शाळाबाह्य नव्हती. तिची शाळा सुटली याची नोंद कुठेच होणार नव्हती.

*

ही एका वस्तीची गोष्ट झाली. आता थोडे चित्र मोठे करून पाहू.

डोंगरात, धरणाच्या पाण्यापलीकडे, आदिवासी पाड्यांवर शाळा पोहोचवायला आपल्याला स्वातंत्र्यानंतर पाच-सहा दशके लागली. नव्या शतकाच्या सुरुवातीला वस्तीशाळा निघाल्या. तुटपुंज्या मानधनावर गावातल्याच शिकलेल्या मुला-मुलींनी झाडाखाली, देवळात, कुणाच्या पडवीत त्या चालवल्या. २००९ साली शिक्षणहक्क कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत व सक्तीचे शिक्षण मिळणे हा त्याचा हक्क ठरला. आपल्या राज्याच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा असावी, असे लिहिले गेले. ‘शाळा जवळ असावी’ हे त्यामुळे कुणाचे उपकार राहिले नाहीत. तो कायद्याचा भाग झाला.

आणि त्याच दशकात उलटी गणती सुरू झाली. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा जवळच्या शाळांत समायोजित करण्याचा निर्णय पुढे आला. २०२२ साली वीसच्या आतील पटाच्या शाळांची माहिती मागवली गेली. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘समूह शाळे’चे परिपत्रक निघाले. नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ आणि पुणे जिल्ह्यातील पानशेत येथील प्रयोगांचे उदाहरण देऊन, लहान शाळा एकत्र करून मोठी शाळा करण्याचे प्रस्ताव जिल्ह्याजिल्ह्यांतून मागवले गेले. त्या वेळच्या सरकारी आकड्यांनुसार वीसपर्यंत पट असलेल्या शाळा १४,७८३ होत्या. त्यांत १,८५,४६७ मुले आणि २९,७०७ शिक्षक होते. म्हणजे एका शाळेत सरासरी बारा-तेरा मुले आणि दोन शिक्षक.

यावर राज्यभर ओरड झाली. ओरड झाली की ‘बंद नव्हे, समायोजन’ असे सांगितले जाते. पण शाळा बंद करायला दारावरची पाटी उतरवावीच लागते असे नाही. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने शिक्षकांच्या संचमान्यतेचे निकष बदलले. सहावी ते आठवीच्या वर्गांचा पट वीसच्या आत असेल तर तिथे शिक्षकाचे पदच मिळेनासे झाले, म्हणून शिक्षक संघटना रस्त्यावर आल्या. शिक्षक दिला नाही, किंवा एकाच शिक्षकावर शिकवणे, पोषण आहार, निवडणुकीची कामे आणि ऑनलाइन माहिती भरणे असा सगळा डोंगर टाकला, की पालक आपणच मुले काढून घेतात. मग पट आणखी उतरतो, आणि उतरलेला पट दाखवून म्हणता येते, ‘बघा, लोकांनाच ही शाळा नको आहे.’

*

पण लोकांना म्हणजे कुणाला?

पट का घटतो याची कारणे आपल्याला ठाऊक आहेत. घरात मुले कमी झाली, ही चांगलीच गोष्ट आहे. शेती परवडेना म्हणून तरुण कुटुंबे शहराकडे गेली. आणि तिसरे कारण म्हणजे इंग्रजी माध्यम. बाजाराच्या गावातून सकाळी पिवळी गाडी येते, फाट्यावर हॉर्न वाजवते आणि टाय लावलेली मुले घेऊन जाते. माझ्या त्या वस्तीवर शाळेच्या वयाची सगळी मिळून पंधरा मुले होती. नऊ जिल्हा परिषदेच्या शाळेत, सहा इंग्रजी शाळेत. त्या सहांत पाच मुलगे होते आणि एक मुलगी. तीही एका मुलाची पाठची बहीण, फीमध्ये सवलत मिळाली म्हणून गेलेली. एका आईने मला सरळ सांगितले, “दोघांची फी झेपत नाही ताई. ती काय, उद्या लोकाच्या घरी जायची.”

तेव्हा कमी पटाची शाळा म्हणजे ज्यांना दुसरीकडे जाता आले ते गेल्यानंतर उरलेल्यांची शाळा. उरतात त्या मुली. उरतात कातकरी, ठाकर, भिल्ल, पारधी आणि दलित वस्तीतली मुले. धनगरवाड्यावरची मुले उरतात. परित्यक्ता आणि विधवा बायकांची मुले उरतात, कारण पिवळ्या गाडीचे पैसे त्यांच्याकडे नसतात. मराठवाड्यात ऊसतोडीला कोयता घेऊन जाणाऱ्या जोडप्यांची मुले आजी-आजोबांजवळ मागे राहतात ती गावात शाळा आहे म्हणून. शाळा उठली तर म्हातारी रोज त्यांना कुठवर पोहोचवणार? मग ती पोरेही आईबापांबरोबर फडावर जातात. मुलगी फडावर गेली की ती लहान भावंडे सांभाळते, पाणी भरते, वाढे बांधते.

घटलेला पट हा मुलगा-मुलगी भेदाचाही हिशेब आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. घरात आधी मुलगा निवडला गेला आणि मुलगी फुकटच्या शाळेत राहिली. आता ती शाळा रिकामी झाली म्हणून सरकार बंद करणार. एकाच मुलीवर हा दोनदा अन्याय आहे, आणि दोन्ही वेळा कारण खर्चाचेच दिले जाते.

*

वाहनाची सोय करू, असे उत्तर मिळते. त्याकडे नीट पाहू. शाळेत जाणाऱ्या ग्रामीण मुलींना एस.टी.चा मोफत पास अहिल्याबाई होळकर योजनेतून मिळतो, पण तो पाचवीपासून बारावीपर्यंत. मानव विकास कार्यक्रमातून सायकल मिळते ती आठवीपासून पुढच्या मुलींना. या योजनांनी अनेक मुली शिकल्या, त्यांचे मोल मी कमी करत नाही. पण बंद होतात त्या शाळा बहुतांशी पहिली ते चौथी-पाचवीच्या. सहा-सात वर्षांच्या पोरीला पासही नाही, सायकलही नाही. तिच्यासाठी प्रवासभत्ता मंजूर होतो. तो उशिरा आला तर वडापवाला थांबत नाही. आणि भत्त्याच्या पैशाने ओढ्यावर साकव होत नाही.

सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्यातील खिरखंडीच्या मुली कोयनेच्या जलाशयातून स्वतः होडी वल्हवत शाळेला जात होत्या. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्याची आपणहून दखल घेतली, तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांतून त्यांचे फोटो झळकले. आपण त्यांच्या धैर्याचे कौतुक केले. कौतुक करण्याजोग्याच होत्या त्या. पण शाळेत जायला मुलीला धाडसी असावे लागते, अशी व्यवस्था आपण का चालवून घ्यायची? भित्र्या मुलीलाही शिकण्याचा हक्क आहे. आजारी असलेल्या, लंगडणाऱ्या, पाळी आलेल्या मुलीलाही आहे.

अंतर वाढले की घरातले गणित कसे बदलते ते आपण साऱ्याजणी पाहत आलो आहोत. मुलगा असेल तर ‘जाईल की चालत’. मुलगी असेल तर आधी सोबत लागते. सोबत नसेल तर भीती. भीती मग नुसती वाटेवरच्या टपरीची राहत नाही, लोक काय म्हणतील याचीही होते. भीतीचा उपाय म्हणून तिला घरी ठेवतात. आणि घरी बसलेली मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की ‘बसूनच आहे’ म्हणून स्थळे येऊ लागतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांची लग्ने अठरा वर्षांच्या आत झालेली आढळली. आपण गावोगाव बालविवाहाविरुद्ध पथनाट्ये करतो, शपथा घेतो. आणि ज्या एका जागेमुळे मुलीचे लग्न चार वर्षे पुढे जाते ती जागा बंद होताना गप्प राहतो. हे जुळत नाही.

*

शाळा फक्त मुलांची नसते. वस्तीवरच्या बायकांना त्या दोन खोल्यांचा काय आधार असतो, हे शहरातून फाईल पाहणाऱ्याला दिसत नाही.

त्या वस्तीवर पोषण आहाराची खिचडी शिजवणारी बाई विधवा होती. निकषाप्रमाणे पंचवीस मुलांपर्यंत एक मदतनीस असते, म्हणून तिथे ती एकटीच. तेव्हा मानधन अगदीच थोडे होते, २०२३ साली ते महिना अडीच हजारांवर गेले. अडीच हजारांत आजकाल काय होते, असे कुणी म्हणेल. पण वस्तीवर तेवढा एकच पगार बाईच्या नावाने येत होता. दिराकडे हात पसरावा लागत नव्हता, एवढा त्याचा अर्थ होता. शाळा गेली तसे तेही गेले. केंद्रशाळेत आधीच दोघीजणी होत्या, तिसरी कोण घेणार? शिक्षकांचे समायोजन होते, त्यासाठी संघटना भांडतात आणि भांडलेच पाहिजे. खिचडी शिजवणारीचे समायोजन झालेले मी पाहिलेले नाही. वीसच्या आतल्या प्रत्येक शाळेत अशी एकच बाई धरली तरी किती जणींच्या चुली त्यावर असतील, हे मनाशी मोजून पाहा.

दुसरी गोष्ट शाळा व्यवस्थापन समितीची. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. कागदावरची का होईना, वस्तीवरच्या बाईला सरकारी बैठकीत बसण्याची ती पहिली जागा. पुष्कळ जणी तिथे पहिल्यांदा खुर्चीवर बसल्या. सही करायला शिकल्या, ‘आहाराचा तांदूळ किती आला?’ असे विचारायला शिकल्या. केंद्रशाळेच्या समितीत अडीच किलोमीटरवरच्या वस्तीतली बाई निवडून येणे कठीण आणि बैठकीला पोहोचणे त्याहून कठीण. शाळेबरोबर तिचा आवाजही समायोजित होतो.

शिवाय त्याच खोलीत आमच्या गटाची बैठक होई. तिथेच लसीकरणाची नर्सबाई बसे, तिथेच मतदान होई. देवळात पाळीच्या बाईला यायला बंदी, पाटलाच्या ओट्यावर खालच्या वाडीतल्या बाया बसत नाहीत. सगळ्यांनी बसावे अशी वस्तीवर एकच जागा होती, आणि ती शाळा होती. आता तिला कुलूप आहे. ओसरीवर शेणी रचल्या आहेत.

*

दुसरी बाजूही मांडली पाहिजे, कारण आपल्यातल्याच काही जणी ती मांडतात. नऊ मुलांच्या शाळेत शिक्षण काय होते? पहिली ते चौथी एकाच खोलीत. वयाची सोबत नाही, कबड्डीचा संघ होत नाही, गॅदरिंग नाही, प्रयोगशाळा नाही. शिक्षक आठवड्यातून दोन दिवस मीटिंगला. गरिबाच्या मुलीला जवळची पण निकृष्ट शाळा देऊन आपण तिचे भले करतो का?

प्रश्न खरा आहे. मीही अशा शाळा पाहिल्या आहेत जिथे चौथीच्या मुलीला हातच्याची वजाबाकी येत नव्हती. शाळा जवळ आहे एवढ्यावर समाधान मानणे मुलींवर अन्याय करणारेच ठरेल. पण मग उपाय काय? निकृष्ट दवाखाना असेल तर डॉक्टर मागायचा की दवाखाना पाडायचा? कायद्याने साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक द्यावे लागतात. ते दोन शिक्षक खरोखर वर्गात राहतील, त्यांच्यावरची बिगरशैक्षणिक कामे काढली जातील, असे आधी करून पाहा. बारा मुलांना दोन शिक्षक हा खर्चाचा अपव्यय आहे, असे म्हणणाऱ्यांची स्वतःची मुले ज्या शाळेत जातात तिथे ‘आमच्याकडे वर्गात मुले कमी असतात’ अशी जाहिरात असते, हे विसरू नये.

‘शाळासमूह’ ही कल्पनाही मुळात बंद करण्याची नाही. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने ती मांडली तेव्हा आजूबाजूच्या शाळांनी एकमेकींना साधने आणि शिक्षक वाटून घ्यावेत, असा तिचा अर्थ होता. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही लहान शाळांच्या अडचणी मांडल्या आहेत. पण शाळा एकत्र करायच्या तर फार विचारपूर्वक, आणि मुलांच्या शाळेपर्यंत पोहोचण्यावर परिणाम होणार नाही याची खात्री असेल तेव्हाच, असेही तिथेच म्हटले आहे. तेव्हा समूह करायचाच तर तो असा करता येईल : चित्रकलेचे, संगीताचे, विज्ञानाचे शिक्षक वस्त्यांवर फिरते ठेवा. आठवड्यातून एक दिवस सगळ्या वस्त्यांची मुले सरकारी वाहनाने केंद्रशाळेत आणा. खेळू द्या, ग्रंथालयात बसू द्या, मोठ्या घोळक्यात मिसळू द्या, आणि संध्याकाळी सुखरूप घरी सोडा. फिरायचे तर मोठ्यांनी फिरावे. सहा वर्षांच्या पोरीला रोज पाच किलोमीटर फिरवू नये.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी मुलांना नावे ठेवली नाहीत, बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथून आला. पुढे कोसबाडच्या टेकडीवर काम करताना, गुरे राखायला जाणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत म्हणून कुरणावरच शाळा भरवली, ती कुरणशाळा. १८४८ साली सावित्रीबाई आणि जोतीरावांनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. त्यानंतर त्यांच्या शाळा पुण्याच्या इतर पेठांत आणि वस्त्यांतही निघाल्या, कारण मुली लांब येणार नाहीत हे त्या काळात सर्वांना कळत होते. शाळेने मुलीकडे चालत जायचे, हा आपल्या या पूर्वजांचा धडा आहे. आज मुलीने शाळेकडे चालत यावे असे सांगितले जाते, आणि ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या फोटोला हारही घातला जातो.

*

आता थोडे आपल्याबद्दल. स्त्री-संघटना म्हणून आपण या प्रश्नाकडे फारसे पाहिले नाही, हे मान्य करायला हवे. शाळाबंदी हा शिक्षक संघटनांचा प्रश्न, शिक्षणतज्ज्ञांचा प्रश्न, असे आपण धरून चाललो. आपल्या शिबिरांत हिंसा, संपत्तीतला वाटा, आरोग्य हे विषय येतात. वस्तीवरची शाळा येत नाही. आणि ज्या बायकांवर हे कोसळते त्या मोर्चा काढतात तेव्हा आपण दुरून पाहतो.

लढता येते, हे मुलांनीच दाखवले आहे. इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची शाळा बंद केली तेव्हा ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथली मुले शेळ्या घेऊन नाशिकच्या जिल्हा परिषदेवर गेली. दप्तर परत घ्या आणि आम्हाला बकऱ्या द्या, अशी त्यांची मागणी होती. शाळा नसेल तर आमच्या वाट्याला काय येणार ते आम्हाला माहीत आहे, एवढेच त्यांना म्हणायचे होते. ते प्रशासनाला समजले आणि शाळा पुन्हा सुरू झाली.

आपल्या गटांना करता येतील अशा काही गोष्टी सुचवते. एक, आपल्या भागातल्या कमी पटाच्या शाळांची यादी करा. पटावर मुली किती, मुलगे किती, आणि त्याच वस्तीतून खाजगी शाळेत जाणारे किती, हे घरोघर जाऊन लिहा. दोन, अंतर चालून मोजा, आणि ते श्रावणात, सहा-सात वर्षांच्या मुलीचा हात धरून. ओढा, घाट, टपरी, मोकाट कुत्री, सारे लिहा. तीन, नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणे आपल्या कायद्याने बंधनकारक आहे. तिथे शाळेचा ठराव करा आणि तो इतिवृत्तात आला का ते पाहा. पेसा क्षेत्रात तर पाड्याला स्वतःची ग्रामसभा मागता येते. चार, शाळा आधीच बंद झाली असेल तर शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ३२ खाली लेखी तक्रार द्या. स्थानिक प्राधिकरणाला सुनावणी घेऊन तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो, आणि पुढे राज्य बालहक्क आयोगाकडे अपील करता येते. पाच, खिचडी शिजवणाऱ्या बहिणींना बैठकीला बोलावा. त्यांच्याइतकी शाळेची खरी हजेरी दुसऱ्या कुणाला ठाऊक नसते.

आणि ही सगळी माहिती आम्हाला पाठवा. पत्र लिहा, साध्या कागदावर लिहा, लिहिता येत नसेल तर कुणाकडून लिहवून घ्या. पुढच्या अंकात आम्ही ती छापू.

शेवटी पुन्हा त्या वस्तीवर येते. चौथीतली ती मुलगी आता सतराची आहे. भावाला तिने मोठे केले. तो केंद्रशाळेतून पुढे बाजारच्या गावातल्या शाळेत गेला. ती भातलावणीला, गवत कापायला मजुरीला जाते. आईच्या गटाची वही मात्र तीच वाचून दाखवते. आकडे तिला झरझर येतात, जोडाक्षराशी अडते. मागच्या बैठकीत ‘व्यवस्थापन’ या शब्दाशी अडली, माझ्याकडे पाहिले आणि हसली. मी तो शब्द वाचून दाखवला. तिने मान हलवली आणि पुढे वाचू लागली.

त्या वेळी मी तक्ता भरायला चालत गेले असते, आणि पावसाळ्यात गेले असते, तर अंतराच्या रकान्यात काय लिहिले असते, हा प्रश्न घेऊन मी तुमच्याकडे आले आहे. आता पुन्हा असे तक्ते भरले जातील. ते भरणाऱ्यांत आपल्यातल्याही काही जणी असतील. भरण्याआधी एकदा चालून या, एवढेच सांगणे आहे.

सस्नेह,
संपादक मंडळाच्या वतीने